कामांच्या यादीला पैसे मोजायचे का? चार ॲप, तीन माणसं

माझं जळगावात जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. थोरल्या भावाची चोपडा तालुक्यात केळी आहे, आणि बायको घर सांभाळून शिवणक्लास चालवते. गेल्या दोन वर्षांत आम्ही तिघांनी मिळून चार ॲप वापरून पाहिली: मायक्रोसॉफ्ट टू डू, गुगल टास्क्स, टूडूइस्ट आणि टिकटिक. पहिली दोन पूर्ण मोफत. नंतरच्या दोन्हींत थोडं मोफत मिळतं, पुढे कुलूप. "घेऊ का विकत?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: तुमचं काम ठरल्या तारखेला येतं, की मागचं झाल्यावर पुढच्याची तारीख ठरते?

माझं पहिल्या प्रकारचं. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची ११ तारीख, ३बी या कराच्या विवरणपत्राची २०, तेच तिमाही भरणाऱ्यांची महाराष्ट्रात २२. पाऊस आला म्हणून या तारखा हलत नाहीत. एवढ्यासाठी गुगल टास्क्स पुरतं. 'दर महिन्याला, अमुक तारीख' टाकलं की विषय संपला, आणि ते गुगल कॅलेंडरमध्येच दिसतं.

भावाचं गणित वेगळं. ठिबकमधून खत तो दर चौथ्या दिवशी सोडतो. मध्ये दोन दिवस पाऊस लागला, मोटर जळाली, लाइटच आली नाही, तर खत पुढे ढकललं जातं आणि चार दिवस तिथून नव्याने मोजायचे असतात. ठरल्या तारखेवर फिरणारं ॲप मात्र जुन्याच हिशेबाने ओरडत राहतं. दोन चुकीच्या घंट्या वाजल्या की माणूस तिसरी ऐकत नाही, हा भावाचाच अनुभव.

टूडूइस्टमध्ये याला इलाज आहे. 'एव्हरी' या शब्दापुढे उद्गारचिन्ह दिलं की पुढची तारीख काम पूर्ण केल्या दिवसापासून धरली जाते. टिकटिकमध्ये तेच सेटिंगमधून निवडता येतं, काही लक्षात ठेवावं लागत नाही. भावाने टिकटिक ठेवलं त्याचं कारण एवढंच. नाहीतर सुरुवातीला मी ॲप दाखवलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, "मन्हा डोकामा शे ना सम्दं, कसाले पैसा घालस?"

आता कुलपं कुठे आहेत ते. टूडूइस्टच्या मोफत खात्यात एका वेळी पाचच प्रोजेक्ट चालतात. मी प्रत्येक अशिलाचा वेगळा प्रोजेक्ट करायला निघालो आणि पहिल्याच दिवशी पाच संपले. मग एकाच प्रोजेक्टमध्ये विभाग पाडून काम भागवलं. चालतं, पण गर्दी होते. पूर्ण केलेल्या कामांचा इतिहास मोफतमध्ये फक्त आठवडाभराचा दिसतो. घरच्या माणसाला याचं काही नाही. मला आहे. "तुम्ही बिलं मागितलीच नाहीत" असं अशील तीन महिन्यांनी म्हणतो, तेव्हा अमुक तारखेला फोन केला होता हे दाखवता आलं पाहिजे. टिकटिक मोफतमध्ये नऊ याद्या आणि एका यादीत ९९ कामं देतं. घरच्या वापराला हे भरपूर. महिनाभराचं कॅलेंडर मांडून पाहायचं असेल तर मात्र दोघंही पैसे मागतात.

किमतीचं बोलायचं तर परदेशातल्या दरांत टिकटिक वर्षाला ३६ डॉलरच्या आसपास आहे आणि टूडूइस्ट त्याहून महाग. आपल्याकडचा रुपयांतला आकडा ॲपच्या आतच दिसतो, तो बघूनच ठरवा. आधी एक महिना भरा, मग वर्ष. ऑटोपे लावलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. तो मेसेज जाहिरात समजून उडवू नका.

मराठीचं काय? चारही ॲपमध्ये देवनागरीत काम लिहिता येतं. पण टूडूइस्टची खरी ऐट म्हणजे वाक्यातूनच तारीख ओळखणं, आणि ते मराठीत होत नाही. 'उद्या सकाळी ७ वाजता फवारणी' लिहिलं तर ते नुसतं वाक्य राहतं, तारीख बोटाने निवडावी लागते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ज्या सोयीचं कौतुक, ती आपल्याला अर्धीच मिळते. पैसे भरायला सांगणारे लोक हे सांगत नाहीत.

बायकोने कशालाच पैसे दिलेले नाहीत, आणि तिचं बरोबर आहे. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये किराण्याची एक यादी आम्ही दोघांत वाटून घेतली आहे. उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया, शेवया यांचं सामान तीच लिहिते, मी दाणाबाजारातून आणतो आणि तिथेच खूण करतो. त्यातला 'माय डे', म्हणजे आजच्या कामांचा कप्पा, रोज मध्यरात्री रिकामा होतो. कामं मूळ यादीत शाबूत असतात, पण पहिल्या सकाळी तिला वाटलं सगळं पुसलं गेलं. मोफतच्या भरवशाबद्दल एक सांगतो. वंडरलिस्ट हे लोकांचं आवडतं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. लोकांना आपल्या याद्या टू डूमध्ये हलवाव्या लागल्या. अर्थात पैसे भरले म्हणजे ॲप अमर होतं असंही नाही.

आणि पैसे भरूनही जे सुटत नाही ते: घंटाच न वाजणं. एका तिमाहीला २२ तारखेची आठवण माझ्या फोनवर आलीच नाही. ॲपचा दोष नव्हता, फोनच्या बॅटरी बचतीने त्याला झोपवलं होतं. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, चार दिवसांचं, मी माझ्या खिशातून भरलं. अशिलाला काय तोंडाने मागणार? कुठलंही ॲप घेतलंत तरी आधी बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याच्यावरची बंधनं काढा, मग पाच मिनिटांनंतरचं एक खोटं काम टाका आणि फोन खिशात ठेवून वाट बघा.

तर माझं मत असं. घर, किराणा, शाळेची फी यासाठी टू डू. ठरल्या तारखांसाठी गुगल टास्क्स. सरकत्या तारखांची शेती किंवा दुरुस्तीची कामं असतील तर आधी टिकटिक मोफत; नऊ याद्या कमी पडल्या किंवा कॅलेंडर हवंच वाटलं, तरच पैसे. टूडूइस्टला पैसे द्यावेत ते माझ्यासारख्याने, ज्याला जुन्या कामांचा पुरावा लागतो. मी देतो.

शेतीची लाइट कुठल्या आठवड्यात दिवसा आणि कुठल्या आठवड्यात रात्री, हे मात्र भाऊ अजून मोटरीच्या खोलीतल्या कालनिर्णयावरच लिहितो. तिथे रेंज नाही, आणि सालदाराकडे साधा फोन आहे.