जुन्या कॉम्प्युटरची रॅम वाढवायचीय: आहे तिला जोड द्यायची, नवी जोडी घ्यायची की वापरलेली?

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला विचार रॅमचाच येतो आणि तो काही चुकीचा नाही, ४ जीबीवर ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की मशीन गुदमरतंच. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. आहे ती स्टिक (रॅमची पट्टी) ठेवून रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक टाकायची, की जुनी काढून एकसारख्या दोन टाकायच्या, आणि टाकायच्या तर नव्याकोऱ्या की दुसऱ्या कुठल्या जुन्या मशीनमधून निघालेल्या? हे तिन्ही प्रकार मी करून बसलोय, आणि माझं मत असं झालंय की मशीन जितकं जुनं तितकी वापरलेली रॅम जास्त भरवशाची. ऐकायला उलटं वाटेल, पण कारण आहे.

माझ्या डेस्कटॉपमध्ये २-२ जीबीच्या दोन डीडीआर३ (रॅमचा जुना प्रकार, त्याच्यानंतर डीडीआर४ आला) स्टिक होत्या. ऑनलाइन ४-४ जीबीच्या दोन नव्या मागवल्या, स्पीड तोच १३३३, खाच जुळली, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्कन बसल्या, बटण दाबलं तर पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळा. एकेक स्टिक लावून बघितली, स्लॉट बदलून बघितले, खोडरबरने पिना पुसल्या, बायोसची बॅटरी काढून पुन्हा घातली, काही नाही. जुन्या स्टिक परत लावल्या की लगेच चालू. मला वाटलं माल खराब आला, बदलून मागवला, तरी तेच! मग एका रात्री जुनी आणि नवी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा फरक दिसला. जुनीच्या दोन्ही अंगांना काळ्या चिपा होत्या, ८ इकडे ८ तिकडे, आणि नवीच्या एकाच अंगाला ८, मागची बाजू कोरी हिरवी.

सगळं गणित इथे आहे. ४ जीबी जर ८ चिपांत बसवले तर एक चिप ५१२ एमबीची होते म्हणजे ४ गिगाबिट, आणि तेच ४ जीबी १६ चिपांत वाटले तर चिप २५६ एमबीची, २ गिगाबिट. मेमरी कंट्रोलरला (मशीनमधला रॅमशी बोलणारा भाग) किती मोठी चिप ओळखता येते हे तो बनला तेव्हाच ठरलेलं असतं, नंतर आलेली मोठी चिप त्याला कळतच नाही, कधी मशीन चालूच होत नाही तर कधी निम्मीच रॅम दिसते. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या कोअर आय३-आय५ प्रोसेसरची मजल २ गिगाबिटच्या चिपेपर्यंत, म्हणजे एका स्लॉटात जास्तीत जास्त ४ जीबी आणि तेही १६ चिपांचे. दुसरी, तिसरी, चौथी पिढी ४ गिगाबिटपर्यंत जाते, म्हणजे स्लॉटला ८ जीबी, पुन्हा १६ चिपांचेच. त्यामुळे चौथ्या पिढीच्या मशीनला १६ जीबीची एक डीडीआर३ स्टिक लावू म्हणाल तर ते होणार नाही, आणि ८ जीबीची एकाच बाजूला ८ चिपा असलेली घेतली तरी नाही. डीडीआर४ वाल्या मशीनला ही चिपमोजणी सहसा करावी लागत नाही.

म्हणून नवी विरुद्ध वापरलेली यात पहिल्या पिढीला किंवा त्याआधीच्या मशीनला मी डोळे झाकून वापरलेली सांगेन, कारण ती त्याच काळात त्याच चिपांनी बनलेली असते. तिसऱ्या-चौथ्या पिढीला नवी चालेल, फक्त विकणाऱ्याकडून दोन्ही बाजूंचा फोटो मागवा आणि लेबल वाचा. लेबलवर ‘४जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००यू’ असं काहीतरी असतं. २आर म्हणजे दोन रँक (चिपांचे दोन गट), एक्स८ म्हणजे चिपेची रुंदी (एक चिप एका वेळी ८ बिट देते), १०६०० म्हणजे १३३३ चा स्पीड (१२८०० असेल तर १६००), आणि शेवटचं अक्षर यू असेल तर डेस्कटॉपची, एस लॅपटॉपची, आर असेल तर सर्व्हरची. ती आर वाली साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही, स्लॉटात बसली तरी नाही, आणि स्वस्तात ढिगाने मिळते म्हणून लोक नेमकी तीच घेतात, तर ते एक अक्षर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तसंच ‘फक्त एएमडीसाठी’ (इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी) म्हणून येणाऱ्या स्वस्त स्टिक. यात चिपा १६ च असतात त्यामुळे मोजून फसायला होतं, पण त्या एक्स४ प्रकारच्या (एक चिप एका वेळी ४ बिट) असतात आणि इंटेलच्या साध्या डेस्कटॉपचा कंट्रोलर एक्स४ घेत नाही. एएमडीच्या जुन्या बोर्डवर मात्र त्या चालतात, तुमचं मशीन एएमडीचं असेल तर विचार करायला हरकत नाही.

आता जोड देणं विरुद्ध जोडी घेणं. खर्च बघितला तर जोड देणं निम्म्यात होतं आणि जुनी स्टिक वाया जात नाही. स्पीड वेगळा असला तरी बहुतेक वेळा चालतं, १३३३ शेजारी १६०० लावली तर दोन्ही १३३३ वर धावतात. साइज वेगळी असली तरी इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर २ आणि ४ लावले की दोन्हीकडचे २-२ ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही स्टिक एकदम वापरून, जास्त वेगाने) आणि उरलेले २ सिंगलमध्ये असं आपोआप होतं, रोजच्या कामात फरक जाणवत नाही. मग अडचण कुठे, तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या टायमिंगच्या (प्रतिसादाला लागणारा वेळ वेगळा असलेल्या) स्टिक एकेकट्या छान चालतात आणि एकत्र आल्या की दोन-चार दिवसांनी मध्येच निळा स्क्रीन, आणि दोष कुठे आहे तेच सापडत नाही. एकसारख्या जोडीत हा ताप फार कमी. मशीनवर हिशोब, ऑफिसचं काम, काही महत्त्वाचं असेल तर जोडीच घ्या. नुसतं ब्राउझिंग, मुलांचा अभ्यास असेल तर जोड देऊन बघायला काय जातंय, फक्त आत असलेल्या स्टिकचं लेबल वाचून शक्य तितकी तीच शोधा.

लॅपटॉपला वेगळा पेच आहे, व्होल्टेजचा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ ची, खाच दोघींची एकच. एल वाली जुन्या १.५ च्या लॅपटॉपमध्ये चालते कारण ती दोन्ही व्होल्टेज घेते, पण चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ च लागतं, तिथे साधी लावली तर मशीन उठणारच नाही. म्हणजे या दोघीत निवडायचं असेल तर एल वालीच घ्या, लेबलवर पीसी३एल लिहिलेलं असतं. (काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, स्लॉट एकच किंवा नाहीच, त्यामुळे आधी मागचं झाकण उघडून बघा आणि मगच ऑर्डर करा.)

रॅम घेण्याआधी विंडोज ३२ बिट आहे की ६४ तेही बघा. ३२ बिटवर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही, त्यातलीही सव्वातीनच्या आसपासच वापरायला मिळते, मग ८ जीबी घालून काय उपयोग, आधी ६४ बिट टाकावं लागेल.

आणि रॅम विरुद्ध एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) हाही विचार करा, कारण कितीतरी जणांचं मशीन हार्ड डिस्कमुळे रखडतं आणि ते रॅमवर पैसे घालतात. नेहमीचं काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी अर्धी-पाऊण आणि डिस्क १०० टक्के असेल तर एसएसडी घ्या, साटा पोर्ट (बोर्डवर डिस्क जोडायची जागा) जुना असला तरी चालते, स्पीड थोडा कमी मिळेल इतकंच, चिपा मोजायची कटकट नाही. मेमरी ९० च्या वर आणि डिस्कही १०० असेल तर मात्र आधी रॅम, कारण रॅम पुरत नाही म्हणूनच ते मशीन डिस्कवर लिहीत बसलेलं असतं.

काहीही निवडलंत तरी स्टिक लावल्यावर विंडोजमध्ये ८ जीबी दिसले म्हणून लगेच झाकण लावू नका. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासायचा प्रोग्राम) पेन ड्राइव्हवर घ्या, त्याच्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एररचा आकडा शून्यच पाहिजे, एक जरी असली तरी एकेक स्टिक वेगळी लावून पुन्हा टेस्ट करा, एकेकटी पास झाली आणि एकत्र नापास झाली तर जोडी जमत नाही म्हणून परत करायची, आणि परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं उरकायचं. जुन्या स्टिक तोवर जपून ठेवा.