डोकुविकी डॉकरमध्ये, तीही मराठी पानांसकट: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. मेंटेनन्सची निम्मी माहिती एका जाड रजिस्टरात आणि उरलेली निम्मी मिस्त्रींच्या डोक्यात, त्यामुळं ते गावी गेले की कुठल्या कॉम्प्रेसरला कुठला बेल्ट हे विचारायला फोनवर फोन. म्हणून ऑफिसमधल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून विकी चालू केला, म्हणजे सगळ्यांना ब्राउझरमध्ये वाचता आणि बदलता येणारी पानं. अट एकच होती, पानं मराठीत पाहिजेत, कारण वाचणारे ऑपरेटर आहेत, सॉफ्टवेअरवाले नाहीत.

विकीचं सॉफ्टवेअर म्हणून आधी बुकस्टॅक बघितलं होतं. दिसायला झकास, कपाट-पुस्तक-प्रकरण-पान अशी मांडणी पण कुणालाही समजेल अशी, पण त्याला डेटाबेसचा वेगळा कंटेनर (डॉकर एखादं सॉफ्टवेअर ज्या स्वतंत्र डब्यात चालवतं तो) लागतो आणि मीडियाविकीचं पण साधारण तेच. डोकुविकी हे २००४ पासूनचं, अँड्रियास गोर या जर्मन माणसानं सुरू केलेलं, आणि त्यात डेटाबेसच नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, मग म्हटलं जेवढं कमी चालू तेवढं बरं. डेटाबेस पण लाइट गेल्यावर बहुतेकदा स्वतःला सावरून घेतोच म्हणा, पण नाही सावरला तर तो दुरुस्त कोण करत बसणार? टेक्स्ट फाइल मी नोटपॅडमध्ये पण उघडू शकतो.

कंटेनर चालू करायला काही लागत नाही. अधिकृत इमेज (कंटेनरचा तयार साचा) घ्यायची, ८०८० पोर्ट बाहेर काढायचा, स्टोरेज नावाचा एक फोल्डर जोडायचा, झालं. फक्त तो फोल्डर आधी हातानं बनवा आणि आपल्या युजरच्या नावावर करा, कारण नसलेला फोल्डर डॉकरला बनवायला लावला की तो रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य युजरच्या, मालकीचा होतो, आणि कंटेनर आपल्या साध्या युजरच्या नंबरनं (१०००:१०००) चालवत असाल तर त्याला तिथं लिहिताच येत नाही, मग परमिशनचे एरर बघत बसा. टाइमझोन पण तेव्हाच एशिया/कोलकाता करून टाका, नाहीतर प्रत्येक बदलाची वेळ साडेपाच तास मागची दिसते आणि रात्रपाळीनं केलेलं काम दुसऱ्या पाळीच्या नावावर जातं, त्यावरनं आमच्यात खरंच वाद झाले असते. इन्स्टॉल करताना विकी ओपन, पब्लिक की क्लोज्ड विचारतो, तिथं क्लोज्ड, म्हणजे लॉगिन केल्याशिवाय काही दिसत नाही.

आता खरा मुद्दा, आणि हा मराठीत विकी करणाऱ्या प्रत्येकानं पहिलं पान लिहायच्या आधी वाचावा. डोकुविकी पानाच्या नावावरनंच फाइलचं नाव बनवतं, आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणं इंग्रजी सोडून बाकी सगळी अक्षरं टक्क्याच्या चिन्हांत बदलून टाकतं. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट, बदलल्यावर त्याची नऊ अक्षरं होतात. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटच्या पुढं जात नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस चिन्हांत खेळ खल्लास. "सीएनसी लेथचं स्पिंडल बेअरिंग बदलणं" हे काही फार लांबलचक नाव नाही, पण ते मोजून बघा, मोकळ्या जागा सोडून ३० चिन्हं, म्हणजे २७० अक्षरं, सेव्हच होत नाही. जुन्या आवृत्त्यांच्या फाइलला शेवटी तारखेचा आकडा पण चिकटतो, म्हणजे तिथं जागा अजून कमी.

उपाय सोपा आहे, कॉन्फिगरेशनमध्ये फाइलनेम एन्कोडिंग यूटीएफ-८ करायचं, म्हणजे अक्षरं टक्क्यांत न बदलता जशीच्या तशी राहतात. मग तेच नाव शंभर बाइटच्या आत बसतं आणि फोल्डर उघडला की फाइलची नावं चक्क मराठीत वाचता येतात. पण हे सुरुवातीलाच करायचं, कारण नंतर बदललं तर आधीच्या फाइलची नावं आपोआप बदलत नाहीत, पानं डिस्कवर असतात आणि विकी म्हणतो असं पानच नाही. आम्ही ट्रायलला दुसरा कंटेनर चालवला होता त्यातच हे कळलं म्हणून वाचलो.

दुसरी भानगड शुद्धलेखनाची. कूलंट, कुलंट, कूलन्ट, तिघंजण तीन तऱ्हेनं लिहिणार आणि तीन पानं तयार होणार. त्यामुळं नवीन पान बनवायचा हक्क मी फक्त सुपरवायझर आणि मिस्त्रींना ठेवलाय, बाकीच्यांना आहे ते पान बदलता येतं. एसीएलमध्ये, म्हणजे कुणाला काय करता येईल याच्या यादीत, वाचणं, बदलणं, बनवणं, अपलोड, डिलीट असे पाच स्तर आहेत आणि वरचा दिला की खालचे आपोआप मिळतात, त्यामुळं फोटो टाकू द्यायचा असेल तर सोबत पान बनवायचा हक्क पण द्यावा लागतो, हे जरा विचित्र वाटलं. यावर तोडगा म्हणजे फोटोंसाठी वेगळी नेमस्पेस (विकीच्या आतला फोल्डरच) करून तिथंच अपलोड द्यायचा.

सर्चचं पण असंच. मुळात तो पूर्ण शब्द शोधतो. इंग्रजीला ठीक आहे, पण आपल्याकडं बेअरिंगचा, बेअरिंगला, बेअरिंगमधलं असं सगळं एकाच शब्दात चिकटलेलं असतं, मग "बेअरिंग" शोधलं की निम्मी पानं गायब. शब्दाच्या शेवटी स्टार टाकला की सापडतात, पण ऑपरेटरला स्टार टाकायला कोण सांगणार? कॉन्फिगरेशनमध्येच सर्चची सवय "या अक्षरांनी सुरू होणारे" अशी करून ठेवा. हे एक सेटिंग बदलल्यावर लोक विकी वापरायला लागले असं म्हटलं तरी चालेल.

आवडलेली अजून एक गोष्ट, प्रत्येक नेमस्पेसला टेम्प्लेट ठेवता येतं. ब्रेकडाउनचं नवीन पान उघडलं की मशीन नंबर, काय झालं, काय बदललं, पार्ट नंबर अशी चौकट तयारच मिळते आणि नाव-तारीख आपोआप पडते. आणि एकानं पान उघडलं असेल तर दुसऱ्याला ते पंधरा मिनिटं लॉक दिसतं, त्यामुळं एकमेकांचं लिहिलेलं पुसलं जात नाही.

नावडतं एकच, लिहायची पद्धत. सगळ्यात मोठ्या हेडिंगला दोन्हीकडं सहा-सहा बरोबरची चिन्हं, बोल्डला डबल स्टार, हे मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर टाइप करणं म्हणजे शिक्षाच. प्रोजमिरर नावाचं प्लगइन टाकल्यावर वर्डसारखं लिहिता येतं, पीसीवर छान चालतं, मोबाइलवर मला तरी अजून पटलेलं नाही. आमचे मिस्त्री आता व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवतात आणि ऑफिसमधली पोरगी ती पानावर उतरवते, चाललंय. मेनू मराठीत होतो, पण भाषांतर अर्धवट आहे, मधेच इंग्रजी वाक्यं येतात.

बॅकअप म्हणजे रोज रात्री स्टोरेज फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर, त्यातनं कॅशे (तात्पुरत्या फाइल) आणि इंडेक्स (सर्चची सूची) वगळले तरी चालतात. मी मुद्दाम तोच फोल्डर लॅपटॉपवर टाकून कंटेनर चालू करून बघितला, चहा होईपर्यंत अख्खा विकी समोर. फक्त अशी कॉपी करून आणलेली पानं सर्चमध्ये लगेच येत नाहीत, कारण पान ब्राउझरमध्ये कुणी उघडलं की मग त्याची इंडेक्समध्ये नोंद होते. कंटेनरच्या आत जाऊन इंडेक्सर एकदा हातानं चालवा.

अपडेटला नवी इमेज ओढायची आणि कंटेनर परत बनवायचा, पानं बाहेर फोल्डरमध्ये असल्यानं त्यांना धक्का लागत नाही. पण प्लगइन पण त्याच फोल्डरमध्ये राहतात, म्हणजे विकी नवीन आणि प्लगइन जुनं अशी जोडी होऊ शकते, त्यामुळं इमेज अपडेट केली की पहिल्यांदा एक्स्टेन्शन मॅनेजर उघडून प्लगइन अपडेट करून घ्या. आणि हे काम रविवारी करा, शिफ्ट चालू असताना नको.