प्रशिक्षणानंतरचा नेतृत्व-प्रकल्प : काही महिने राबवल्यानंतरचा अनुभव

नेतृत्व-प्रशिक्षण संपल्यावर प्रत्येक सहभागीने आपल्या कामाच्या ठिकाणी एक प्रकल्प राबवावा, अशी अट अनेक अभ्यासक्रमांत असते. माझ्याही अभ्यासक्रमात ती होती. सोबत एक छापील प्रकल्प-पत्रक मिळाले, वरिष्ठांपैकी एकाला प्रायोजक, म्हणजे प्रकल्पामागे आपले अधिकार उभे करणारी व्यक्ती, म्हणून घेण्याची सूचना मिळाली आणि ठरावीक अंतराने आढावा-बैठका ठरवून देण्यात आल्या. ही सर्व रचना कित्येक महिने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की या तिन्हींत प्रायोजकाचे स्थान सर्वांत मोठे आहे आणि पत्रकात नेमकी त्यालाच सर्वांत कमी जागा दिलेली आहे.

पत्रकाचा पहिला रकाना उद्दिष्टाचा. तेथे जॉर्ज डोरन यांनी 1981 मध्ये मांडलेली ‘स्मार्ट’ कसोटी लावायची असते, म्हणजे उद्दिष्ट नेमके, मोजता येणारे, वास्तववादी आणि मुदतीचे आहे का ते पाहायचे असते. त्यांच्या मूळ मांडणीत हे काम नेमके कोणाकडे राहील, हाही एक निकष होता. आजच्या बऱ्याच नमुन्यांतून तो गळाला आहे, आणि ही उणीव लहान नाही. ‘विभागातील संवाद सुधारणे’ असे उद्दिष्ट लिहिले तर ते कोणाचेच काम राहत नाही. मी विषय मुद्दाम लहान घेतला : एका पाळीने दुसऱ्या पाळीकडे चार्ज देताना ज्या गोष्टी सांगायच्या राहून जातात, त्या कमी करणे. दोन्ही पाळ्यांतील एकेकाचे नाव त्याच रकान्यात लिहून घेतले, आणि पुढे कोणाला विचारायचे हा प्रश्न उरला नाही.

बदल करण्याआधी सद्यःस्थिती मोजून ठेवावी, ही पत्रकातील सूचना अत्यंत मोलाची आहे. आम्ही चार्जच्या जुन्या वह्या काढून वाचल्या. ‘प्रलंबित कामे’ या रकान्यात पानामागून पान ‘सर्व ठीक’ एवढेच लिहिलेले होते, कुठे नुसती सही होती. आणि त्याच दिवसांत घरी गेलेल्या माणसाला फोन करून माहिती विचारावी लागल्याच्या नोंदी मात्र दुसऱ्या वहीत होत्या. त्या फोनची संख्या हेच आमचे माप ठरले. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले : सहभागींची प्रतिक्रिया, झालेले शिक्षण, वागणुकीतील बदल आणि कामाचे फलित. शेवटच्या दिवशी भरून घेतला जाणारा अभिप्राय पहिल्या स्तराच्या पुढे जात नाही. तिसरा स्तर पाहायचा तर अशा वह्याच उघडाव्या लागतात.

संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत उपयोगी साधन कोणते, असे विचारल्यास मी गॅरी क्लाइन यांच्या ‘प्रीमॉर्टेम’चे नाव घेईन. प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच तो पूर्णपणे फसला आहे असे गृहीत धरायचे आणि तो का फसला असावा याची कारणे प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायची, अशी ही पद्धत आहे. एरवी बैठकीत मान डोलावणारी माणसे येथे मोकळेपणाने लिहितात, कारण शंका काढणे हेच त्या वेळी नेमून दिलेले काम असते. आमच्याकडे एका चिठ्ठीवर लिहिलेले होते, ‘वहीत लिहिले की चूक माझ्या नावावर चढते.’ या एका वाक्याने प्रकल्पाची दिशा बदलली. नवा तक्ता आखून ही भीती जाणार नव्हती.

ती दूर करणे माझ्या अधिकारातले नव्हते, आणि प्रायोजकाची खरी गरज येथेच लागते. आमच्या प्रायोजकांनी दोन्ही पाळ्यांसमोर स्पष्ट सांगितले की चार्जच्या वहीतील नोंदीच्या आधारे कोणालाही जाब विचारला जाणार नाही. आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःकडून राहिलेले एक काम त्यांनी त्याच वहीत, स्वतःच्या नावासह लिहिले. त्यानंतर नोंदी बदलू लागल्या. काय अपूर्ण आहे, कशावर लक्ष ठेवायचे आणि कोणाला कळवले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे हळूहळू पूर्ण वाक्यांत येऊ लागली आणि फोनही लक्षणीयरीत्या कमी झाले. रात्रपाळीत मात्र हा बदल उशिरा पोहोचला, कारण प्रायोजकांची आणि त्या पाळीची गाठच क्वचित पडे. हे नियोजनाच्या वेळीच लक्षात घेण्यासारखे आहे.

रचनेत उणिवाही आहेत. अंतिम सादरीकरणाच्या स्लाइड तयार करण्यात जो वेळ जातो, तो कामाच्या मानाने फार आहे. आढावा-बैठका उपयोगी, पण त्या लांबल्या की ‘काम सुरू आहे’ एवढेच ऐकू येते; दोन प्रश्न आणि वहीची चार पाने एवढ्यावर त्या थोडक्यात आटोपल्या तर अधिक हाती लागते. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे प्रकल्पाची मुदत अभ्यासक्रमाच्या समारोपाला बांधलेली असते. प्रमाणपत्र मिळते तेव्हा नवी पद्धत जेमतेम अंगवळणी पडू लागलेली असते, आणि त्यानंतर ती कोण सांभाळणार यासाठी पत्रकात रकानाच नाही. आम्ही तो हाताने आखला आणि पाळीप्रमुखांच्या नेहमीच्या मासिक तपासणीत वही पाहणे समाविष्ट करून घेतले.

ज्यांना असा प्रकल्प हाती घ्यायचा आहे, त्यांनी विषय पक्का करण्यापूर्वी प्रायोजकाशी बोलावे आणि केवळ सही न घेता एक गोष्ट विचारून घ्यावी : या कामासाठी तुम्ही स्वतः काय वेगळे कराल? उत्तर मिळाले नाही, तर विषय बदलावा किंवा प्रायोजक.