गुड बॉय (२०२५): इंडीसाठी तरी बघाच

काल रात्री कोथरूडला घरी दादा आणि मी लाइट बंद करून गुड बॉय हा हॉरर सिनेमा बघितला, आमची कुत्री राणी पायाशीच झोपलेली. गोष्ट साधीये, आजारी टॉड आजोबांच्या गावाकडच्या जुन्या घरात राहायला जातो आणि तिथे जे काही आहे ते त्याच्या कुत्र्याला, इंडीला दिसतं. कॅमेरा कुत्र्याच्या उंचीवर, माणसांचे चेहरे जवळपास दिसतच नाहीत, आणि इंडी बोलत बिलत नाही हां, नुसता अंधाऱ्या कोपऱ्याकडे टक लावून बघतो आणि आपल्या अंगावर काटा येतो. इंडी हा दिग्दर्शक बेन लिओनबर्गचा स्वतःचाच घरचा कुत्रा, सिनेमासाठी शिकवलेला नाही, त्यामुळे ३ वर्षांत मिळून ४०० दिवस शूटिंग करावं लागलं, पण एकही हावभाव खोटा वाटत नाही.

मधे थोडा रेंगाळतो, स्वप्नांचे सीन जरा जास्त झालेत. पण आहेच सव्वा तासाचा.

टॉडची तब्येत बिघडत जाते आणि इंडी त्याला सोडत नाही ना, तिथे मला रडूच आलं, आमचे आबा आजारी होते तेव्हा राणी अशीच त्यांच्या कॉटखाली बसून राहायची, जेवायची पण नाही. घरात कुत्रा असेल तर नक्की बघा, रात्रीच बघा, आवाज मोठा ठेवून.