सॉफ्टवेअरचा करार: आत्ताच मोडायचा की मुदत संपू द्यायची?

यवतमाळकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने सॉफ्टवेअरचा वर्षाचा करार केला आणि काट्याची पावतीच धड निघेना, तर दोन वाटा उरतात.

मुदत संपू देणं सोपं. भांडण नाही, आपोआप नूतनीकरणाचं कलम असेल तर वेळेत लेखी नकार कळवायचा, बस. पण दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की काट्यावर गाड्यांची रांग लागते. तेव्हा वहीच उघडावी लागणार असेल, तर हा शांतपणा महागात पडतो.

आत्ता मोडायचं म्हटलं की दंडाची भीती. ती वाटते तेवढी मोठी नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते; भरपाई वाजवी तेवढीच. ठरलेलं काम सॉफ्टवेअरवाल्यांनीच दिलं नसेल तर ते ईमेलवर नोंदवा. फोनवरचं ‘करून देतो ना भाऊ’ नंतर सिद्ध कोण करणार? ॲडव्हान्स परत येईलच असं मात्र धरू नका.

तरी मी हंगामाआधी मोडण्याच्या बाजूचा. फक्त आधी सगळा डेटा उतरवून घ्या, हिशेबातल्या बदलांच्या नोंदींसकट. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या असाव्याच लागतात, आणि ऑडिटर विचारणार आपल्यालाच.