ब्रिज कशाने चिकटवायचा? सरस, टायटबॉण्ड, अराल्डाइट आणि फेविकॉल, मुंबईच्या हवेत

गिटारचा ब्रिज (टॉपवर, म्हणजे पुढच्या फळीवर, चिकटवलेली तारा अडकवायची लाकडी पट्टी) मागच्या कडेने उचलायला लागला की सल्ले सुरू होतात. घरात फेविकॉलचा डबा असतो, नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे अराल्डाइट (इपॉक्सी) मिळतं, कुणी म्हणतं टायटबॉण्ड हा लाकडाचा ग्लू मागव, आणि जुने कारागीर सरसाशिवाय (जनावरांच्या कातड्यापासून बनणारा, गरम करून लावायचा गोंद) दुसरं नाव घेत नाहीत. नवी गिटार बांधायला घेतलेल्यांनाही हा प्रश्न चुकत नाही, फक्त त्यांच्यापुढे तो ब्रेसिंग (टॉपला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) बसवताना उभा राहतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मुंबईत राहून एकच बाटली घ्यायची असेल तर टायटबॉण्ड ओरिजिनल घ्या, लाल लेबलवाली. सरस उत्तमच, पण त्याला कोरडी खोली आणि सवयीचा हात लागतो. अराल्डाइट काही मोजक्या सांध्यांना लावायचं, ब्रिजला नाही. फेविकॉल तारांचा ताण येईल अशा कुठल्याही सांध्यापासून लांब ठेवा.

सांध्यावर किती भार येतो

०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या स्टील तारांचा सेट सुरात लावला की एकूण ताण ७० ते ७५ किलो होतो. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर तो ४० किलोच्या आसपास. स्टीलच्या गिटारमध्ये तारांचे गोळे आतल्या ब्रिज प्लेटला (टॉपच्या आतून, ब्रिजखाली लावलेल्या लाकडी पट्टीला) अडकतात, त्यामुळे वर उचलणारा थोडा भार प्लेट घेते. पण ब्रिजला नटाकडे (नेकच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) ओढणारा आणि त्याची मागची कड सोलून काढू पाहणारा जोर ग्लूच्या थरालाच सोसावा लागतो. हा जोर एका झटक्याचा नाही, रात्रंदिवस चालू असतो. म्हणून ग्लू किती ‘मजबूत’ आहे हे विचारून भागत नाही. सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो का, हे विचारायला हवं.

पांढरा फेविकॉल इथेच मार खातो. तो पीव्हीए, म्हणजे पाण्यात मिसळलेलं मऊ प्लास्टिक, आहे. फर्निचरच्या सांध्यात लाकडालाच लाकूड अडवतं, तिथे त्याला तोड नाही. गिटारच्या ब्रिजला अडवायला काहीच नसतं. सुरुवातीला सगळं ठीक दिसतं, मग ब्रिज केसभर पुढे सरकतो, मागे ग्लूची चमकदार रेघ उघडी पडते, आणि उन्हाळ्यात तो सुटतो. पाण्याला टिकणारा प्रकार घेतला म्हणजे हे टळेल असं नाही. पाण्याला टिकणं वेगळं आणि ताणाला न सरकणं वेगळं. टायटबॉण्ड २ आणि ३ बद्दलही आमचं हेच म्हणणं. बाहेरच्या बाकड्याला ते चांगले, गिटारला ओरिजिनल.

आकडे शेजारी-शेजारी

| | सरस (१९२ ग्रॅम ताकदीच्या प्रतीचा) | टायटबॉण्ड ओरिजिनल | अराल्डाइट स्टँडर्ड |
|---|---|---|---|
| लावून जुळवायला वेळ | जेमतेम १ मिनिट | ४ ते ५ मिनिटं | तासभर |
| क्लॅम्प | रात्रभर | किमान १ तास, शक्यतो रात्रभर | रात्रभर, हलका दाब |
| तारा चढवणं | २४ तासांनी | २४ तासांनी | २४ तासांनी |
| थरातलं पाणी | निम्म्याहून जास्त | सुमारे निम्मं | नाही |
| ताणाखाली सरकणं | नाही | थोडं, उष्णतेत जास्त | उष्णतेत |
| पुन्हा सोडवणं | उष्णता आणि ओल | उष्णता | उष्णतेने रबरासारखं, लाकूड निघण्याची भीती |
| जुन्या थरावर नवा | चिकटतो | चिकटत नाही | घासून घेतल्यावर चिकटतो |

पावसाळ्यात तारा चढवायच्या रांगेतले २४ तास ४८ धरा. सरस आणि टायटबॉण्ड दोन्ही पाणी लाकडात सोडून सुकतात, आणि जुलैतलं लाकूड आधीच पाणी पिऊन बसलेलं असतं.

शेवटची रांग लोक वाचत नाहीत, आणि बहुतेक दुरुस्त्या तिथेच फसतात. टायटबॉण्डचा जुना थर अगदी नखाएवढा राहिला तरी त्या जागी नवा टायटबॉण्ड धरत नाही, कारण त्याला लाकडाचे तंतू मिळत नाहीत. सरसाचं उलट. गरम सरस जुन्या सरसाला पुन्हा जागं करतो. मार्टिन कंपनीच्या जुन्या गिटारी सरसाने जोडलेल्या आहेत आणि त्यांच्या ‘ऑथेंटिक’ मालिकेत आजही सरसच वापरतात. अशी जुनी गिटार हाती आली तर तिथे सरसच लावा, सोय पाहू नका.

सरस: कधी घ्यावा

सरस सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, ताणाखाली सरकत नाही, आणि पन्नास वर्षांनी दुसरा कारागीर तो सन्मानाने सोडवू शकतो. बाजारात सुतारकामाचा म्हणून मिळणाऱ्या काळपट सरसावर बहुतेक वेळा प्रत लिहिलेली नसते. वाद्यांसाठी विकला जाणारा, ग्रॅममध्ये प्रत छापलेला दाणेदार सरस घ्या. १९२ ग्रॅम ब्रिज आणि ब्रेसिंगला योग्य. २५१ ग्रॅमचा आणखी लवकर थिजतो, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

१०० ग्रॅम दाण्यांना साधारण १८० ते १९० मिलिलिटर थंड पाणी. दाणे फुगेपर्यंत भिजू द्या, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ६० ते ६३ अंशांवर वितळवा. बाळाच्या दुधाची बाटली गरम करायचं यंत्र चालतं, थर्मामीटर मात्र हवाच. ७० अंशांच्या वर गेला की सरसाची ताकद कमी व्हायला लागते, आणि उकळलेला सरस सरळ टाकून द्यावा. ब्रशवरून अखंड धार लागली पाहिजे. थेंब-थेंब पडत असेल तर घट्ट झालाय, चमचाभर गरम पाणी घाला.

आता मुंबईचं गणित. एप्रिल-मेमध्ये खोली ३२-३३ अंशांवर असते, त्यामुळे सरस थिजायला थोडा जास्त वेळ घेतो आणि तेवढी सवलत मिळते. मात्र पंखा आणि एसी बंद हवेत. ब्रिजची खालची बाजू हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. शिजवलेला सरस या हवेत दोन दिवसांत वास मारतो, म्हणून उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीजरला टाका आणि लागेल तेवढी वडी काढा. खरी अडचण पुढची. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि सुकलेला सरससुद्धा अशी ओल ओढून मऊ पडतो. गिटार उघड्या खिडकीजवळच्या स्टँडवर राहणार असेल तर सरस नको. केसमध्ये सिलिका जेलसह किंवा एसीच्या खोलीत राहणार असेल तर खुशाल.

टायटबॉण्ड: काय बिघडतं

फार काही बिघडत नाही, हेच त्याचं बलस्थान. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, बाटलीचं वय. कंपनी साधारण दोन वर्षांची मुदत धरते, आणि मागवलेली बाटली आधीच कुठल्यातरी गोदामात उन्हाळा काढून आलेली असू शकते. ग्लू रबरासारखा तार धरत असेल, गुठळ्या असतील, तर पाणी घालून वाचवायच्या फंदात पडू नका. त्याने स्टूल दुरुस्त करा. दुसरी, उष्णता. ६५ अंशांच्या आसपास तो मऊ होतो. मे महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या बंद गाडीची डिकी त्याच्या जवळपास जाते, आणि तारा ताणलेल्याच असतात. ‘काहीच केलं नाही तरी ब्रिज सुटला’ म्हणणाऱ्याला आधी गाडीबद्दल विचारावं.

ब्रिज परत बसवताना

आधी ब्रिज खरंच सुटलाय का ते पाहा. मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवा. दीड-दोन मिलिमीटर आत जाऊन अडली तर तो बहुधा कारखान्यातच सोडलेला पॉलिशचा काठ असतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. त्याहून आत जात असेल तर काम निघालं. आरसा आणि मोबाइलचा उजेड घेऊन आतली ब्रेसिंगही तपासा. खालचा ब्रेस सुटलेला असताना वर ब्रिज कितीही छान चिकटवला तरी पुन्हा उचलणारच.

काढताना सॅडल (ब्रिजमधली तारा टेकणारी पातळ पट्टी) आधी बाहेर, प्लास्टिकचं असेल तर वितळतं. ब्रिजभोवतीचं पॉलिश फॉइल लावलेल्या पुठ्ठ्याने झाका, ब्रिज १० ते १५ मिनिटं तापवा आणि पातळ, बोथट पत्रा मागच्या कोपऱ्यातून सरकवा. जोर लावावा लागतोय म्हणजे ऊब कमी पडतेय. स्प्रूसचे (टॉपच्या लाकडाचे) तंतू सहसा एका बाजूला वर चढत असतात; पत्रा त्यांच्यात घुसायला लागला तर तिथेच थांबून उलट बाजूने या.

मग स्वच्छता: दोन्ही पृष्ठभाग लाकूड दिसेपर्यंत धारदार पटाशी उभी धरून खरवडा. ब्रिजच्या जागेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर घासती बाजू वर करून टेपने बसवा आणि ब्रिज त्यावर घासून टॉपच्या फुगवट्याला जुळवा. अॅकॉस्टिकचा टॉप सपाट नसतो. सपाट ब्रिज क्लॅम्पने दाबून बसवला तर तो पहिल्या दिवसापासून कडेने सुटायला बघतो. ब्रिजचं शिसवी लाकूड तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी लगेच अॅसिटोनचा हात फिरवा.

पहिल्या आणि सहाव्या तारेच्या भोकांत मेण लावलेले स्क्रू घालून ब्रिजची जागा पक्की करा, आत ब्रेसना चुकवून बसणारा लाकडी ठोकळा ठेवा, आणि तीन लांब घशाचे क्लॅम्प ग्लूशिवाय एकदा लावून बघा. ही कोरडी तालीम टाळली की पाच मिनिटं कुठे जातात कळत नाही. कडेने बारीक मण्यांची सलग रांग बाहेर आली की ग्लू पुरेसा. दहा मिनिटांनी तो जेलीसारखा झाला की प्लास्टिकच्या स्ट्रॉचं तिरकं कापलेलं टोक फिरवून उचला, मग ओल्या फडक्याने पुसा. खोल क्लॅम्प मुंबईतल्या नागदेवीच्या हत्यारांच्या दुकानांत विचारा. घसा लांब लागतो, साधे सी-क्लॅम्प साउंडहोलमधून पोहोचत नाहीत.

ग्लूपेक्षा महत्त्वाचं: चिकटवताना लाकूड किती ओलं

नवी गिटार बांधणाऱ्यांसाठी हा भाग वरच्या तक्त्यापेक्षा मोलाचा आहे. ४५ टक्के आर्द्रतेत लाकडातला ओलावा साडेआठ टक्क्यांच्या जवळ असतो, ७० टक्क्यांत १३ च्या आसपास, ८५ टक्क्यांत तो १८ पर्यंत चढतो. समजा तुम्ही ७० टक्क्यांच्या हवेत टॉपला ब्रेस चिकटवले. टॉपची रुंदी ४०० मिलिमीटर. तीच गिटार पुढे कोरड्या एसी खोलीत ४५ टक्क्यांवर राहिली तर टॉपला आडवं अडीच-तीन मिलिमीटर आकसायचं असतं, आणि त्याला आडवे चिकटलेले ब्रेस ते आकसू देत नाहीत. टॉप तडकतो. ग्लू भारी असेल तर तडा आणखी सरळ जातो, कारण सांधा सुटून ताण मोकळा व्हायची सोयच राहत नाही.

म्हणून ब्रेसिंग आणि टॉप-बॅक बंद करणं ४५ ते ५० टक्क्यांतच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत हे उघड्यावर होत नाही. एसीची छोटी खोली ड्राय मोडवर ठेवा, ती ५० ते ५५ ला टेकली तरी चालवून घ्या, आणि लाकूड आठवडाभर आधीपासून त्याच खोलीत राहू द्या. हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजायच्या यंत्रावर) डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ आणि पाण्याचे काही थेंब घालून ओलसर लगदा करा, हायग्रोमीटरसह झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. काटा ७५ वर आला पाहिजे. ८१ दाखवत असेल तर पुढे सहा वजा करत चला. पावसाळ्यात खोली जमत नसेल तर ते महिने नेक कोरणं, साइड वाकवणं, साचे बनवणं यांत घालवावेत.

अराल्डाइटची जागा

फ्रेटबोर्ड (तारा दाबायची पट्टी) नेकवर चिकटवताना पाण्याचा ग्लू दोन्ही लाकडं फुगवतो, नेक मागे वाकते आणि सरळ व्हायला दिवस लागतात. इथे पाणी नसलेला इपॉक्सी खरा उपयोगी. ट्रस रॉडच्या (नेकमधल्या धातूच्या सळीच्या) खाचेत तो उतरू देऊ नका. पृष्ठभाग ८० नंबरने खरबरीत करा, दाब हलका ठेवा. करकचून आवळलं तर थर बाहेर पळून सांधा उपाशी राहतो. पाच मिनिटांत धरणारा प्रकार टाळा, तो पूर्ण वाळूनही जरा लवचिकच राहतो. फ्रेटबोर्डचं टॉपवर येणारं टोक मात्र टायटबॉण्डने किंवा सरसाने. पुढे कधी नेक काढून कोन बदलायचा झाला तर ते टोक सहज सोडवता आलं पाहिजे. ब्रिजखाली अराल्डाइट का नको, त्याचंही कारण असंच: ते स्प्रूसच्या तंतूंत मुरतं, आणि पुढच्या दुरुस्तीला स्वच्छ लाकूड मिळवायचं तर टॉपच छिलावा लागतो.

फेविक्विकचा ब्रिजशी संबंध ठेवू नका, ते ठिसूळ. उचललेलं फ्रेटचं टोक किंवा हाडाच्या भुकटीसोबत खोल झालेली नटाची खाच, एवढ्यापुरतं ठीक. आजूबाजूला टेप लावा, ओघळ पॉलिशवर गेला की डाग राहतो.

आणि फेविकॉलचा डबा फेकू नका. नट बसवायला त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका पुरतो. नटाला जागेवर धरून ठेवायचं काम तारा करतातच, आणि पुढे बदलायचा झाला की लाकडी ठोकळा टेकवून हलकी टपली मारली की नट नेकचा टवका न काढता निघून येतो. टायटबॉण्ड भरून लावलेला नट तसा निघत नाही.