टुसॉनच्या डोंगरांत मुक्काम: तंबू ठोकावा की केबिन घ्यावी?

अ‍ॅरिझोनातल्या टुसॉन शहराभोवतीचे डोंगर वाळवंटातून एकदम वर उठतात. पायथ्याला सग्वारो निवडुंग आणि माथ्यावर पाइन, फर. अशा सुट्या सुट्या डोंगरांना तिकडे ‘आकाशबेटे’ म्हणतात आणि त्यांतला बराच भाग कोरोनाडो राष्ट्रीय वनात येतो. फीनिक्स-टुसॉनकडची मराठी कुटुंबे, विशेषतः भारतातून आईवडील आले की, इथे एक-दोन रात्रींचा बेत आखतात. तंबू की केबिन, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आमच्या मते तो दुसरा आहे. आधी महिना बघा, महिन्यावरून उंची ठरवा, आणि मग डोक्यावर कापड हवे की छप्पर ते ठरवा.

टुसॉन समुद्रसपाटीपासून साधारण ७३० मीटरवर आहे. कॅटलिना हायवेने शहरालगतच्या माउंट लेमन या डोंगराकडे निघालात की पहिले कॅम्पग्राउंड लागते ते मोलिनो बेसिन, सुमारे १,३३० मीटरवर, म्हणजे जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवर. त्यानंतर गॉर्डन हिराबायाशी, साधारण १,४९० मीटर. पुढचे जनरल हिचकॉक १,८३० मीटरवर, कळसुबाईच्याही वर. रोझ कॅन्यन २,१३० आणि स्पेन्सर कॅन्यन २,४४० मीटरच्या आसपास. हजार मीटर चढले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. जूनमध्ये शहरात ४० अंश असताना स्पेन्सरला दुपारी २८-२९ आणि रात्री स्वेटर लागेल इतके असते. म्हणूनच मे ते सप्टेंबर मोलिनोचा विचारही करू नका. ते हिवाळ्याचे ठिकाण आहे. उलट रोझ आणि स्पेन्सर साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच उघडी असतात, पुढे बर्फ पडतो.

हिराबायाशी कॅम्पग्राउंड जिथे आहे तिथे पूर्वी कैद्यांची छावणी होती आणि हा रस्ता बांधायला तिथले कैदी राबले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांवर लादलेले संचारबंदीचे आणि स्थलांतराचे हुकूम गॉर्डन हिराबायाशी यांनी नाकारले. त्याची शिक्षा त्यांनी इथे भोगली. तिथे उतरलात तर माहितीफलक नक्की वाचा, मुलांनाही वाचून दाखवा.

तंबूत काय मिळते, काय नाही

या रस्त्यावरच्या कॅम्पग्राउंडवर टेबल, शेगडीची जागा आणि खड्ड्याचे शौचालय असते. विजेची जोडणी नसते, आंघोळीची सोय नसते. पिण्याचे पाणी रोझ आणि स्पेन्सरला हंगामात नळाला असते. मोलिनो, हिराबायाशी आणि हिचकॉकला पाणी नाही. माणशी दिवसाला किमान ४ लिटर, स्वयंपाक आणि भांडी धरून ६-७ लिटर गाडीत घालून न्या. चौघांच्या दोन दिवसांना ५० लिटर म्हणजे पाच गॅलनचे तीन कॅन. डोंगरावर पेट्रोल पंप नाही, टाकी शहरात भरा.

तंबू उभा करताना पहिली फजिती खुंट्यांची होते. जमीन ग्रॅनाइटच्या भुग्याची आणि दगडगोट्यांची. तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या दोन घावांत वाकतात. जाड पोलादी खिळ्यासारख्या खुंट्या आणि एक हातोडी घ्या, नाहीतर दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. दुसरी फजिती हवेच्या गादीची. गादीतली हवा रात्री गार पडते आणि पाठीकडून थंडी वाजते, वरून कितीही पांघरले तरी. गादीवर आधी घोंगडी किंवा जाड सतरंजी अंथरा, मग स्लीपिंग बॅग. बॅगेवरचा जो आकडा ‘कम्फर्ट’ म्हणून छापलेला असतो तोच खरा धरा. ‘लिमिट’चा आकडा म्हणजे त्या थंडीत जेमतेम निभावेल एवढाच.

खालच्या उंचीवर चोया निवडुंगाचे काटे अंगाला चिकटतात. बोटांनी ओढू नका, काटे बोटांत शिरतात. केसांचा कंगवा काट्यांच्या गोळ्याखाली सरकवून झटक्यात उडवा. विंचू आहेत, तेव्हा बूट तंबूच्या आत ठेवा आणि घालण्याआधी झटका. वर जंगलात काळी अस्वले आहेत. मसाल्याचा डबा, तेल, लोणचे, टूथपेस्ट, खरकटी भांडी, सगळे लोखंडी अस्वलपेटीत, आणि पेटी नसेल तिथे काचा बंद करून गाडीत. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. फोडणीचा वास दूर जातो, त्यामुळे स्वयंपाक झोपण्याच्या जागेपासून लांब करा.

स्पेन्सरच्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा कच्चा राहतो. छोटा कुकर न्याच, डाळ भिजवून न्या आणि एक-दोन शिट्ट्या जास्त घ्या. गॅसचा डबा निव्वळ ब्यूटेनचा असेल तर शून्याच्या आसपास तो जळेनासा होतो. प्रोपेनची बाटली घ्या. पावसाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांत, बहुधा एप्रिल ते जुलै, लाकूड आणि कोळशावर बंदी येऊ शकते. बंद-चालूची चावी असलेल्या गॅस शेगडीला तेव्हा बहुतेक वेळा परवानगी असते, पण निघायच्या दिवशी त्या दिवसाचा आदेश वाचा. ही बंदी मनापासून पाळा. २००३ च्या अ‍ॅस्पन आगीत डोंगरावरचे समरहेवन गाव बहुतांश जळाले, आणि २०२० च्या बिगहॉर्न आगीत या डोंगररांगेतले जवळजवळ १ लाख २० हजार एकर क्षेत्र होरपळले.

जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी वळवासारखा पाऊस आणि विजा येतात. तंबू कोरड्या ओढ्याच्या वाळूत कधीच लावू नका, ती जागा कितीही सपाट आणि मऊ दिसली तरी. पाऊस वर डोंगरात पडतो, डोक्यावर आभाळ निरभ्र असते आणि पाण्याचा लोंढा खाली येतो.

केबिनचे दोन प्रकार

हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. पहिला, समरहेवनमधली खाजगी घरे. दारापर्यंत डांबरी रस्ता, वीज, गरम पाणी, स्वयंपाकघर. भाडे तंबूच्या जागेच्या कितीतरी पट, पण रात्री तीनला आईला टॉर्च घेऊन शौचालयापर्यंत चालावे लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर जाताना एवढ्या एका कारणावरून निर्णय घ्यायला हरकत नाही. झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांनाही विजेचे घरच बरे.

दुसरा, वनखात्याची जुनी घरे. सांता रीटा डोंगरात केंटकी कॅम्प आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोन्यासाठी वसवलेली, कच्च्या विटांची वस्ती, भोवती गवताळ टेकड्या, दारावरून जाणारी अ‍ॅरिझोना ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट. चिरिकाहुआ डोंगरात पोर्टल गावाजवळ केव्ह क्रीक खोऱ्यातही अशी घरे आहेत. पक्षी पाहणाऱ्यांसाठी त्याहून चांगली जागा या भागात नाही. तिथल्या साउथ फोर्क भागात पक्ष्यांना बोलावायला ध्वनिमुद्रण वाजवायला बंदी आहे. या घरांमध्ये ‘केबिन’ या एका शब्दाखाली बरेच काही येते: कुठे पूर्ण स्वयंपाकघर, कुठे एकच खोली आणि शौचालय बाहेर. बुक करताना पाणी, वीज, हीटर, शौचालय आणि पलंग या पाच गोष्टी एकेक करून वाचा. अंथरूण-पांघरूण बहुधा आपलेच न्यावे लागते.

रिकाम्या पडलेल्या घरात उंदरांच्या लेंड्या सापडल्या तर कोरडा झाडू मुळीच मारू नका. हंटा विषाणू त्या धुळीतून श्वासात जातो. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारा, पाच मिनिटे भिजू द्या, मग कागदाने टिपून पिशवीत बांधा. आणि थंडी कितीही असो, गॅसची शेगडी केबिनमध्ये किंवा तंबूत ऊब घ्यायला पेटवू नका.

मग घ्यावे काय

लहान मुले आणि पहिलाच अनुभव असेल तर जून किंवा सप्टेंबरमध्ये रोझ कॅन्यन. पाणी आहे, ट्राउट मासे सोडलेला छोटा तलाव आहे (त्यात पोहता येत नाही), आणि बिनसलेच तर तासाभरात शहरात परत येता. आईवडील सोबत असतील तर समरहेवनचे घर घ्या, मात्र ७०० मीटरवरून एका दमात २,४०० च्या आसपास चढल्यावर पहिल्या संध्याकाळी लांब फिरायला नेऊ नका. डोके जड होते. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डिसेंबर-जानेवारीत मोलिनोला तंबू उत्तम, दिवस उबदार असतात, फक्त रात्रीसाठी जाड बॅग हवी.

वनखात्याचे जुने घर हवे असेल तर तारखा महिनोन्महिने आधी धरा, कारण घरे मोजकीच आहेत. केंटकी कॅम्पचा शेवटचा टप्पा मातीचा आहे आणि पावसानंतर तो चिखलाचा होतो. गाडी भाड्याची असेल तर करार उघडून बघा: बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान भरून देत नाहीत, आणि तिथून गाडी ओढून आणण्याचा खर्च केबिनच्या भाड्याहून मोठा होऊ शकतो. पोर्टलला निघताना वाटेतल्या विलकॉक्स गावात टाकी भरून घ्या.